मध्यस्थ, लवाद, पंच: ठरवतं नक्की कोण?

भाषांतर तपासणारी

एका मध्यस्थी केंद्रात पक्षकारांना वाटायचं चार पानी माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलंय. पहिल्याच पानावर वाक्य आहे: 'मध्यस्थांचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील.' इंग्रजी मजकुरात असं कुठेही नाही. तिथे म्हटलंय की दोघांनी सह्या केलेली तडजोड बंधनकारक राहील. भाषांतर करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, 'मध्यस्थ काय नि लवाद काय, एकच की!'

शिवाय 'मेडिएशन'साठी त्याने चार पानांत मध्यस्थी, मध्यस्थता, समेट, सलोखा आणि समुपदेशन असे पाच शब्द वापरलेत. शब्दाची पुनरुक्ती टाळा असं शाळेत शिकवतात, त्याचं हे फळ. ललित लेखात ते शोभतं, कायद्याच्या कागदात वाचणाऱ्याला वाटतं की पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तर यातला कोणता शब्द ठेवू, आणि बाकीच्यांचा नेमका अर्थ काय?

दिवाणी वकील

बाकी काही करा, पण ते वाक्य छापू देऊ नका. दावा मध्यस्थीला पाठवला की पक्षकार मला पहिला प्रश्न हाच विचारतात: 'वकीलसाहेब, तिथं आमच्या विरोधात निकाल लागला तर?' तिथे निकाल लागत नाही हे पटवण्यात माझी अर्धी तारीख जाते. तुमचं पत्रक नेमकं उलटं सांगणार.

मी नव्या ज्युनिअरांना क्रियापदावरून ओळखायला सांगतो. न्यायाधीश निकाल देतो. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ काहीच देत नाही. झालं तर तो तडजोड घडवून आणतो. 'मध्यस्थाने दिला' असं वाक्य लिहिलंत की काहीतरी चुकलंय असं समजा. न मिटलेलं प्रकरण कोर्टाकडे परत जातं तेव्हा तो एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. कोण काय बोललं, कोण कुठवर खाली आलं होतं, कोण अडून बसलं, यातलं अक्षरही अहवालात येत नाही. लवादाला मात्र पुरावा घ्यावा लागतो आणि निवाड्याची कारणं साधारणपणे लिहावीच लागतात. तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, आणि १९९६ च्या लवादाच्या कायद्यातल्या कलम ३४ खाली तो रद्द करून घेण्याची कारणं मोजकीच आहेत.

तुमच्या भाषांतरकाराला मात्र फार बोलू नका. हीच गफलत खुद्द कायद्यात झाली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं सुधारित कलम ८९ २००२ मध्ये लागू झालं. त्यात न्यायालयीन तडजोड आणि मध्यस्थी यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती. मध्यस्थीच्या खाली लिहिलं होतं की न्यायालयाने स्वतः तडजोड घडवावी, आणि न्यायालयीन तडजोडीच्या खाली लिहिलं होतं की प्रकरण योग्य संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे पाठवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अॅफकॉन्स प्रकरणात ही मसुद्यातली चूक असल्याचं सांगितलं आणि दोन्ही खंड एकमेकांच्या जागी ठेवून वाचायचे असं ठरवलं. तोवर आम्ही सगळे ते कलम तसंच उलटं वाचत होतो.

शब्दकोश चाळणारा

'लवाद'मध्ये 'वाद' दिसतो म्हणून अनेकांना तो संस्कृत वाटतो. तो आहे पोर्तुगीज. मूळ शब्द लोवादो, म्हणजे दोघांनी मानून नेमलेला पारखी किंवा निवाडा करणारा. पगार आणि लिलाव ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही आला. तेव्हा त्यातला 'वाद' हा निव्वळ योगायोग आहे, तिथून व्युत्पत्ती काढायला जाऊ नये.

'लवाद' म्हणजे मुळात माणूस. 'त्यांनी दोन लवाद नेमले' असं म्हणत. आता तो माणूसही आहे, प्रक्रियाही आहे ('वाद लवादाकडे गेला') आणि संस्थाही. वर्तमानपत्रांनी तो सरकारी न्यायाधिकरणांनाही लावला. १९६९ मध्ये नेमलेलं कृष्णा पाणी तंटा न्यायाधिकरण आपल्याकडे आजही 'बच्छावत लवाद' म्हणूनच ओळखलं जातं, आणि पर्यावरणाच्या बातम्यांत 'राष्ट्रीय हरित लवाद' असतोच. या दोन्ही संस्था कायद्याने नेमलेल्या, पक्षकारांनी निवडलेल्या नव्हेत. पक्षकारांच्या करारातून जो येतो त्यालाच लवाद म्हणावं आणि बाकीच्यांना न्यायाधिकरण, असं मला वाटतं. पण हरित लवाद आता लोकांच्या तोंडून निघणार नाही. ती लढाई हरलेली आहे.

हिंदी-मराठी दुभाषी

घोळाचं खरं मूळ हिंदीत आहे असं माझं मत. १९९६ च्या कायद्याचं हिंदी नाव 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम'. म्हणजे आपण ज्याला लवाद म्हणतो त्याला तिथे माध्यस्थम् म्हणतात आणि मध्यस्थ हा निवाडा देणारा ठरतो. त्यामुळे २०२३ चा मेडिएशनचा कायदा आला तेव्हा हिंदीत तो शब्द आधीच खर्ची पडलेला होता. म्हणून 'मध्यकता' असा नवाच शब्द घडवावा लागला, मध्यकता अधिनियम, २०२३. हिंदी बातम्यांत मात्र 'मध्यस्थता' दोन्हींना चालते.

मराठीला ही अडचण कधी नव्हती. लवाद एकीकडे, मध्यस्थी दुसरीकडे, रेघ स्पष्ट. हिंदी मजकुरावरून मराठी करणारे लोक 'मध्यस्थता' उचलून आणतात आणि तिच्यासोबत हिंदीतला घोळही आयात करतात. तुमच्या पत्रकातली 'मध्यस्थता' सगळ्यात आधी खोडा. आपल्याकडे मध्यस्थी असते आणि ती करतात.

संस्कृतचा विद्यार्थी

'मध्यस्थ'बद्दल थोडं. गीतेच्या सहाव्या अध्यायात, नवव्या श्लोकात, उदासीन आणि मध्यस्थ हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. शांकरभाष्यात त्यांतला फरक सांगितला आहे: उदासीन तो, जो कुणाचीच बाजू घेत नाही, मध्यस्थ तो, जो भांडणाऱ्या दोघांचंही हित इच्छितो. इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या प्रशिक्षण-पुस्तिकेत वाचलेली नाही. नुसतं 'तटस्थ' म्हटलं तर तो बिचारा काठावरच उभा राहतो.

दिवाणी वकील

व्याख्या सुंदर आहे, पण व्यवहारात मध्यस्थ म्हणजे काय ते ऐका. जागेच्या जाहिरातीत 'मध्यस्थ क्षमस्व' लिहिलेलं असतं. लग्न जमवणारा मध्यस्थ, जमिनीच्या सौद्यातला मध्यस्थ. मागे एका आजींना मी समजावलं की आता तुम्हाला मध्यस्थांसमोर बसायचंय. त्यांनी पदराच्या गाठीला हात घातला आणि हळूच विचारलं, 'त्यांना किती टक्के द्यायचे असतात?' त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी ऐकलेला प्रत्येक मध्यस्थ टक्क्यानेच काम करत होता.

तेव्हा पत्रकात पहिल्या उल्लेखाला 'न्यायालयाने नेमलेले प्रशिक्षित मध्यस्थ' असं पूर्ण लिहा. पुढे नुसतं मध्यस्थ चालेल. आणि त्या केंद्रात पक्षकारांकडून फी घेत नसतील तर तेही तिथेच, त्याच ओळीत.

जुनी कागदपत्रं वाचणारा

पंच राहिले की. मराठेशाहीतल्या गोतसभा आणि पंचायती ठरवणाऱ्या होत्या, नुसत्या समजावणाऱ्या नव्हेत. कागदांची साखळी बघण्यासारखी असे. वाद ऐकण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे कागद: पंच सांगतील ते मान्य असल्याचा लेख. निवाडा झाला की हरलेल्याकडून यजितखत, आपण हरलो याची लेखी कबुली. हरलेल्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की पुन्हा हा वाद उकरणार नाही!

आज तोच राजीनामा शब्द मराठीत खुर्ची सोडण्यापुरता उरलाय. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टांत मात्र 'राजीनामा हो गया' म्हणजे तडजोड झाली. तिकडून आलेल्या कागदाचं मराठी करताना जपा. मी एका भाषांतरात 'दोन्ही पक्षांनी राजीनामा दिला' असं वाचलंय. कशाचा दिला हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

आता 'पंच' फौजदारीतल्या पंचनाम्यापुरते आणि क्रिकेटपुरते उरलेत. मध्यस्थाला पंच म्हणू नये हे तर उघडच आहे.

भाषांतर तपासणारी

'मध्यस्थी' पक्की. 'समुपदेशन' काढलं, ते कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांचं काम, त्यात मिटवण्यासारखं काही असेलच असं नाही. आता दोन अडचणी उरल्या. 'समेट' आणि 'सलोखा' यांचं काय करू? आणि 'तडजोड' हा शब्द माझ्या कानाला हरल्यासारखा लागतो. 'तत्त्वांशी तडजोड' म्हणतो तीच ना ही?

दिवाणी वकील

समेट म्हणजे 'कन्सिलिएशन'. १९९६ च्या कायद्याला आपण लवाद व समेट अधिनियमच म्हणतो. त्यातल्या समेटकर्त्याला तडजोडीच्या अटी स्वतः सुचवता येत होत्या, मध्यस्थाने तसं करावं की नाही यावर वाद घालत आमची भोजनाची सुट्टी जायची. २०२३ च्या कायद्याने मध्यस्थीच्या व्याख्येतच समेट घेतला, त्यामुळे पत्रकात वेगळा शब्द नको. सलोखा ही प्रक्रिया नव्हे, प्रक्रियेनंतर उरावी अशी स्थिती आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये जी सलोखा योजना आणली, एकमेकांच्या शेतीचा ताबा वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे आहे त्यांना नाममात्र मुद्रांक शुल्कात अदलाबदलीचा दस्त करून देणारी, तिचं नाव मला म्हणून आवडतं. कागद अदलाबदलीचा, हेतू सलोख्याचा.

तडजोडीचं तुम्ही बरोबर पकडलंत. एका वाटपाच्या दाव्यात दोन भाऊ होते. तिसऱ्या बैठकीपर्यंत सगळं जुळत आलेलं: विहिरीचं पाणी आठवड्यातून कुणाला किती दिवस, बांधावरची झाडं कुणाची, आईला कोण सांभाळणार. मी लिहायला घेतलं आणि मोठ्याने म्हणालो, 'चला, तडजोड झाली.' थोरला ताडकन उठला. 'तडजोड मी केलेली नाही. मी मिटवून घेतलंय.' पंधरा मिनिटं वाया गेली. शेवटी कागदावर वर 'तडजोड पुरसीस'च (तडजोड झाल्याचं कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) लिहिलं, कारण कोर्टात तिला दुसरं नाव नाही, पण मजकुरात 'उभय पक्षांनी आपसातील वाद मिटविला आहे' असं लिहिलं. तेव्हा त्याने सही केली.

म्हणून माझा सल्ला: कायद्याच्या परिणामाबद्दल बोलताना तडजोड, तडजोडीचा हुकूमनामा हेच शब्द ठेवा, तिथे गोड बोलायला जाऊ नका. पण पक्षकाराला उद्देशून असलेल्या वाक्यात 'वाद मिटवणे' वापरा. लोक तसंच बोलतात. 'आपसात मिटवा' म्हटलं की कुणी हरत नाही.

मुंबईकर

आणि 'मांडवली' हा शब्द कुणी काढला नाही याबद्दल सर्वांचे आभार!

शब्दकोश चाळणारा

काढलाच आहात तर: मांडवली, रदबदली आणि शिष्टाई हे तिन्ही पत्रकात नकोत. मांडवलीत धाक असतो. रदबदली एकाच्या बाजूने करायची असते. आणि राजकीय बातम्यांतली 'शिष्टाई यशस्वी' वाचून मला नेहमी गंमत वाटते, कारण कृष्ण पांडवांचा दूत म्हणून गेला होता, आणि पुढे युद्ध झालंच.

हिंदी-मराठी दुभाषी

लोकअदालतीचं पान आहे का पत्रकात? तिथेही जपा. लोकअदालत गुणदोषांवर निर्णय देत नाही, तिथेही दोघांची संमतीच लागते, पण त्या संमतीच्या कागदाला १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 'अवॉर्ड' म्हणतो आणि मराठीत 'निवाडा'. त्यावर अपील नाही. म्हणजे निवाडा आहे, पण कुणी निवाडा केलेला नाही. वकीलसाहेबांची क्रियापदाची कसोटी इथे लंगडी पडते.

दिवाणी वकील

पडते, कबूल. तिथे मी 'निवाडा होतो' म्हणतो. 'देतो' म्हणत नाही. आणि स्थायी लोकअदालत ही निराळी, सार्वजनिक सेवांच्या वादात समेट फसला तर ती ठरवूही शकते. ते पान माझ्याकडे पाठवा, वाचून देतो.

भाषांतर तपासणारी

पाठवते. पहिल्या पानावरचं वाक्य आता असं केलंय: 'मध्यस्थ निर्णय देत नाहीत. तुम्ही दोघांनी मिळून वाद मिटवला आणि तसं लिहून सह्या केल्या, तर ती तडजोड दोघांवर बंधनकारक राहील.' एका वाक्याची दोन झाली, होऊ देत.

शेवटचं एक. मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो त्याला भाषांतरात 'गुप्त बैठक' केलंय. वाचून मलाच कट शिजतोय असं वाटलं. दुसरं काही?

दिवाणी वकील

'स्वतंत्र बैठक' लिहा. तोंडी आम्ही एवढंच म्हणतो, 'तुम्ही जरा बाहेर बसा, मी यांच्याशी बोलतो.' आणि बाहेर बसलेल्याला चहा पाठवतो, नाहीतर तो उठून घरी जातो.