बाबी केचाप: केचाप मानिस नेमका कधी घालायचा?

मंडळी, मदत हवी आहे. रॉटरडॅमला राहते, शनिवारी पाहुणे आहेत आणि बाबी केचापचा (केचाप मानिस या गोड सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस, इंडोनेशियन पदार्थ) बेत पक्का झालाय. कांदा-आलं-लसूण परतायचं, डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे लालसर करायचे, मग सांबाल उलेक (लाल मिरचीचा ठेचा), लवंग, जायफळ, केचाप मानिस, थोडं पाणी आणि मंद आचेवर दीड-दोन तास. इथवर ठीक. पण या गोड सोया सॉसमध्ये गूळच गूळ! सुरुवातीला घातला की रस आटताना तळाला धरतो, कडवट वास येतो. शेवटी घातला तर रंग वरवरचा, तुकडा आतून फिकाच. निम्मा आधी, निम्मा नंतर असं कुणी करतं का? की सरळ ओव्हनमध्ये झाकून ठेवायचं?

मांस मानेकडचं, चरबीच्या रेषांचं घेणार आहे (इथले खाटीक त्याला प्रोक्युरर म्हणतात). हॅमलाप (मांडीचा, कमी चरबीचा तुकडा) नकोच, चिवट होतो. थोडा स्पेकलाप (पोटाकडचा चरबीदार तुकडा) मिसळला तर चव वाढेल की नुसता तवंग?

आणि गोडवा मोडायला चिंचेचा कोळ चालेल का? सोबत आचार चाम्पूर (मिश्र भाज्यांचं आंबट-गोड लोणचं) आहे, त्याचा आंबटपणा पुरेल असं नवऱ्याचं म्हणणं. मला नाही पटत.