साकीनाका: पॉवर प्रेसची डाय (पत्रा दाबून आकार देणारा साचा) बदलायला दीड तास
प्रश्न: ५० टनी प्रेस, दिवसाला तीनदा डाय बदल. वेळ कशात जातो?

उत्तर १: एक बदल मोबाइलवर पूर्ण चित्रित करा. पाना शोधणं, रॅकवरून डाय आणणं ही कामं प्रेस चालू असतानाच उरकायची. डाय झटपट बदलण्याची पद्धत बसवणारे जपानी अभियंते शिंगो यांचं लक्ष्य १० मिनिटांच्या आतलं होतं.

उत्तर २: खरा वेळ शट हाइट जुळवण्यात जातो, म्हणजे रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) पूर्ण खाली आल्यावर त्याच्या आणि टेबलाच्या मधलं अंतर. प्रत्येक डायखाली ग्राइंड केलेली एकच जाड पॅकिंग प्लेट कायमची बोल्ट करून सगळ्या डायची उंची सारखी करा. पत्र्याचे तुकडे नकोत, सरकतात. टेबलावर दोन लोकेटिंग पिना, म्हणजे डाय थेट जागेवर बसते. पावसाळ्यात त्यांना तेल लावा.

उत्तर ३: घाई जपून! मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) फिरतच असतं. ते थांबल्यावर रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम अडवणारा ठोकळा), मगच हात.