संमेलनाची बैठक गावात, निम्मे सदस्य बाहेरगावी: कामकाज कसे चालवावे?

कार्यवाह, खानापूर तालुका
आमच्या गावात दर हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलन भरते. तयारीची कार्यकारिणी शाळेच्या खोलीत बसते. पण निम्मे सदस्य नोकरीनिमित्त पुणे, गोवा आणि बेंगळूर येथे असल्याने ते झूमवरून जोडले जातात. खोलीतील ज्येष्ठ मंडळी आपसांत बोलता बोलता निर्णयाला येतात, बाहेरच्यांना अर्धेच ऐकू येते आणि पाहुण्यांची नावे ठरल्याचे त्यांना इतिवृत्त वाचल्यावर समजते. वर्गणी जमवण्यात हीच मुले पुढे असतात, त्यामुळे त्यांचे मन दुखावलेले मला पाहवत नाही. ही बैठक दोन्हीकडच्यांची व्हावी यासाठी काय करावे?

बेळगावकर वाचक
नमस्कार. सर्वप्रथम आवाजाची व्यवस्था पाहावी. टेबलाच्या एका टोकाला ठेवलेल्या लॅपटॉपला जवळच्या दोघांचेच बोलणे नीट ऐकू येते, म्हणून सर्व दिशांचा आवाज घेणारा बैठकीसाठीचा स्पीकरफोन मधोमध ठेवावा. खोलीतील इतर कोणी फोनवरून जोडले गेले असतील, तर त्यांचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. एका उपकरणाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरला, की कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. शाळेच्या उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे आवाज घुमतो, तो सतरंज्या अंथरल्याने पुष्कळ कमी होतो. झूमच्या विनामूल्य खात्यावर बैठक ४० मिनिटांनी तुटते, म्हणून खर्चाचे आणि पाहुण्यांचे विषय विषयपत्रिकेत वर घ्यावेत.

निपाणीचा एक कार्यकर्ता
वरील सूचना योग्य आहेत, तथापि यंत्र कितीही चांगले आणले तरी अध्यक्षांची पद्धत बदलल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. समोर बसलेला माणूस नुसती मान हलवून किंवा मध्येच हात वर करून बोलण्याची संधी मिळवतो, बाहेरच्याला तसे करता येत नाही. म्हणून प्रत्येक विषयावर अध्यक्षांनी आधी बाहेरच्या सदस्यांना नाव घेऊन विचारावे आणि नंतर खोलीकडे वळावे. आमच्या मंडळात एक तरुण सदस्य अध्यक्षांशेजारी बसून फक्त पडद्याकडे लक्ष देतो, आणि कोणी हात वर केला किंवा काही लिहिले, तर चर्चा तेथेच थांबवतो. त्याला हा अधिकार सर्वांसमक्ष दिलेला असणे फार आवश्यक आहे, कारण एरवी वडीलधाऱ्यांना मध्ये थांबवण्याचा त्याला संकोच वाटतो. मत आवाजी न घेता नावे पुकारून घ्यावे. ठरावाचा सूचक खोलीतला असेल, तर अनुमोदक शक्यतो बाहेरचा घ्यावा. अंदाजपत्रक आधीच व्हॉट्सॲपवर पाठवावे, कारण फळ्यावर लिहिलेले आकडे पडद्यावर वाचता येत नाहीत. बैठक संपल्यावर चहा घेताना जे बोलणे होते, त्यात कोणताही निर्णय होऊ नये. झालाच तर तो पुढील बैठकीपुढे ठेवावा.

बेळगाव, सहकार क्षेत्रातील सदस्य
ठराव पुढे वादात सापडू नये, यासाठी आणखी एक बाजू पाहावी लागेल. कंपनी कायदा, २०१३ मध्ये संचालकांना व्हिडिओद्वारे बैठकीत भाग घेण्याची मुभा आहे, परंतु ती कंपन्यांपुरती आहे. आपले मंडळ नोंदणीकृत असेल, तर दूरस्थ सदस्य गणपूर्तीत, म्हणजे बैठकीसाठी लागणाऱ्या किमान उपस्थितीत, धरायचे की नाही, हे आपल्या घटनेत पाहून घ्यावे आणि तरतूद नसल्यास सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती मांडावी. उपस्थितीच्या नोंदीत कोण प्रत्यक्ष होते आणि कोण दूरस्थ, हे वेगवेगळे लिहावे. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसात वीज गेली की संपर्कही तुटतो, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर असावा, आणि संपर्क तुटल्यास ती वेळ इतिवृत्तात नोंदवून संपर्क पूर्ववत होईपर्यंत पैशांचा कोणताही ठराव मताला टाकू नये.

कार्यवाह, खानापूर तालुका
आपणा सर्वांचा आभारी आहे. पडद्याकडे लक्ष देणाऱ्या सदस्याची नेमणूक आणि नावे पुकारून मतदान हे दोन्ही विषय मी पुढील विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घेत आहे, आणि त्यांवर पहिले मत बाहेरगावच्या सदस्यांचे घेण्याची विनंती अध्यक्षांना करणार आहे.