सोप्रानोजचा तो काळा पडदा : चारचौघांना दाखवायचा कसा, आणि टोनीचं झालं काय?

विजापूरवेस
मंडळी, सल्ला पाहिजे. शनिवारी गच्चीवर आठ-दहा जण जमून सोप्रानोज या अमेरिकन माफिया-मालिकेचा शेवटचा भाग प्रोजेक्टरवर बघणार आहोत. निम्म्यांची मालिका पूर्ण झालीय. उरलेल्यांना ‘शेवटच कळत नाही ती मालिका’ एवढंच माहीत. तर नव्यांना आधी कुठले भाग दाखवू? सगळे ८६ शक्य नाहीत. दुसरं, त्यातला टोळीप्रमुख टोनी शेवटी मेला की नाही यावर भांडण होणारच, तेव्हा शेवटच्या दृश्यात नेमकं काय बघायला सांगू? आणि तिसरं, तो काळा पडदा, म्हणजे अगदी शेवटी चित्र आणि आवाज एकदम तुटतात तो. आपल्याकडं लाईट गेली समजून लोक उठतील, त्याचं काय करायचं?

कडकभाकरी
तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं जमून खेळ तिथंच फसतो.

पडदा सुमारे दहा सेकंद काळा राहतो, आवाज शून्य. मग कलाकार-तंत्रज्ञांची नावं, तीही संगीताशिवाय. १० जून २००७ च्या रात्री एचबीओ वाहिनीवर हा भाग लागला तेव्हा अमेरिकेतही कित्येकांना केबलच गेली असं वाटलं होतं. सोलापुरात तर हात आधी इन्व्हर्टरकडं जातो. कुणी एकानं ‘लाईट गेली का ओ?’ म्हटलं की दहा सेकंद मातीत. आधी फोडून सांगाल तर धक्का जातो. म्हणून सुरुवातीलाच एवढंच बजावा की काहीही झालं तरी मी दिवा लावेपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. कारण विचारलं तर सांगू नका.

खरा वैरी म्हणजे ॲप. नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात बारीक होतं आणि ‘आता हे बघा’ म्हणून भलतीच मालिका समोर येते. सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. दुपारी शेवटची दोन मिनिटं चालवून बघा, कारण ऑटोप्ले बंद असूनही कधी कधी तो चौकोन येतोच. लॅपटॉपची नोटिफिकेशन आणि स्लीप दोन्ही बंद. शेवटच्या दहा मिनिटांत माउसला बोट लावायचं नाही. माउस हलला की खाली वेळेची पट्टी उमटते, आणि ती संपत आलेली दिसली की सगळ्यांना कळतं, आता काहीतरी होणार.

ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नको, वायरचाच लावा. शेवटच्या दृश्यात टोनी हॉटेलात घरच्यांची वाट बघत बसतो, आणि त्याचा सगळा डोलारा तिथल्या दाराच्या घंटीवर आहे : आधी घंटी, मग टोनीची मान वर. ब्लूटूथवर आवाज मागं पडला तर आधी मान आणि मग घंटी असा उलटा प्रकार होतो. आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर ती घंटी हॉटेलात वाजणाऱ्या गाण्याखाली दबूनच जाते.

सबटायटल तासभर राहू द्या, पण टोनी हॉटेलात शिरला की बंद. तिथं संवाद थोडे आहेत. खालची ओळ वाचण्यात त्याची नजर कुठं वळली ते निसटतं.

पूर्ण अंधार झाल्याशिवाय गच्चीवर शेवट लावू नका, उजेडात प्रोजेक्टरचा काळा राखाडी दिसतो. घरच्या मंडळींपुरतं ठीक आहे. हॉल घेऊन, फलक लावून दाखवायचं म्हणाल तर घरगुती वर्गणीवर ते चालत नाही, परवानगी वेगळी लागते.

सातरस्ता
भागांचं सांगतो. वेळ एका संध्याकाळचाच असेल तर शेवटच्या सीझनचे तीन पूर्ण भाग लावा : तेरावा (सोप्रानो होम मूव्हीज), विसावा (द ब्लू कॉमेट) आणि एकविसावा, म्हणजे शेवटचा. तीनेक तास धरा. तेराव्यात तळ्यावर होडीत बसून टोनीचा मेहुणा बॉबी त्याला म्हणतो की ते (म्हणजे आपल्याला मारलं जाणं) घडतं तेव्हा बहुधा ऐकूसुद्धा येत नसेल. विसाव्याच्या शेवटी टोनी बंदूक जवळ घेऊन आडवा होतो तेव्हा त्याला नेमकं तेच बोलणं आठवतं. हे माहीत नसेल त्याला काळा पडदा म्हणजे नुसता आगाऊपणा वाटणार.

वेळ उरला तर चौदाव्या भागातलं हॉटेलचं दृश्य तेवढं दाखवा. टोनीचा उजवा हात सिल्व्हियो जेवतोय, समोर न्यूयॉर्कच्या टोळीतला जेरी टोर्सियानो बसलाय, आणि जेरीला गोळी लागते ती सिल्व्हियोला आधी कळतच नाही. चित्र आणि आवाज यांची फारकत कशी केलीय ते बघा. शेवटाची रंगीत तालीमच आहे ती.

आता मुख्य दृश्य. ते जेमतेम पाचएक मिनिटांचं आहे. टोनी दारात उभा राहून आत बघतो. पुढच्या शॉटला तोच आत टेबलावर बसलेला. इथंच दिग्दर्शकानं खूण दिलीय : आधी टोनीचा चेहरा, मग टोनीला काय दिसलं. पुढं घंटी वाजते, टोनी वर बघतो, आत येणारा माणूस आपल्याला टोनीच्या जागेवरून दिसतो. हे परत परत होतं. बायको कार्मेला येते. ‘मेंबर्स ओन्ली’ ब्रँडचं जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस येतो, त्याच्या मागोमाग मुलगा ए.जे. बाहेर मुलगी मेडोला गाडी नीट लावता येत नाही, मागं-पुढं करत बसते. शेवटची घंटी वाजते, टोनी वर बघतो, आणि आता मेडो दिसायला हवी तिथं काळं. गाणंही ‘स्टॉप’ या शब्दावरच तुटतं. टोनीला जे दिसतं तेच आपल्याला दिसतंय हा नियम पाच मिनिटं पाळला असेल, तर काळ्याचा अर्थ उघड आहे. दिसायचं बंद झालं. मेला.

त्यात तो जॅकेटवाला संडासात जातो. गॉडफादर सिनेमात मायकेल संडासातून पिस्तूल घेऊन येतो, आणि ‘जॉनी केक्स’ भागात ए.जे. बापाला तोंडावर ऐकवतो की तो सीन तुझा लाडका. वर सहाव्या सीझनच्या पहिल्या भागाचं नावच ‘मेंबर्स ओन्ली’, आणि त्याच भागात अंकल ज्युनियर टोनीला गोळी घालतो. याहून जास्त काय लिहून द्यायचं?

होटगीरोड
दादा, शॉटचा नियम मान्य. पण तो तितका कडक पाळलेला नाही की. मेडोची गाडी टोनीला कुठं दिसतेय? ती बाहेर रस्त्यावर आहे, तरी कॅमेरा तिच्याकडं तीन-चारदा जातो. म्हणजे आपण फक्त टोनीच्या डोळ्यांत अडकलेलो नाही. मग शेवटचं काळं टोनीचंच, हे कशावरून? आपलं असेल. प्रेक्षकाला उठवून बाहेर काढलं असेल.

मारणार कोण हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्कच्या वैरी टोळीशी तह झालाय, तिचा म्होरक्या फिल लिओटार्डो पेट्रोल पंपावर संपलाय. टोनीवर खरी टांगती तलवार खटल्याची आहे. त्याचा वकील आरोपपत्र येण्याची शक्यता ८० ते ९० टक्के सांगतो, आणि टोनी टेबलावर कार्मेलाला सांगतो की आपल्याच टोळीतला कार्लो साक्ष देणार. हे वाक्य बहुतेक जण ऐकतच नाहीत, सगळ्यांचं लक्ष जॅकेटवाल्याकडं. माझ्या मते त्या दृश्यातली भीती म्हणजे इथून पुढं प्रत्येक घंटीला याला मान वर करावी लागणार. गोळी आज लागली काय, दहा वर्षांनी लागली काय.

आणि एक विनंती. ‘तो जॅकेटवाला फिलचा पुतण्या निकी आहे’ हे कुणी आणलं तर तिथंच थांबवा. २००७ पासून फिरणारी थाप आहे ती. श्रेयनामावलीत त्याला नावच नाही, नुसता ‘मेंबर्स ओन्ली जॅकेटमधला माणूस’. ट्रकवाला अमक्याचा भाऊ, कोपऱ्यातले दोघं तमके, हे सगळं त्याच पोत्यातलं.

विजापूरवेस
लई उपयोग झाला दोघांचा. पण मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस स्वतः काय म्हणाला? तेच वाचून दाखवलं तर वाद मिटंल का?

होटगीरोड
मिटत नाही ओ, वाढतो. भाग लागल्यावर लगेच त्यानं खुलासा करायला साफ नकार दिला. पुढं काही वर्षांनी बोलला की आधी डोक्यात वेगळा शेवट होता : टोनी मीटिंगला मॅनहॅटनकडं जातो आणि तिथं त्याचा काटा निघतो. ‘मेला’वाले हे वाक्य धरून नाचतात. पण तो शेवट त्यानं टाकून दिला, हॉटेलचा घेतला, हेही त्याच बोलण्यात आहे. टाकलेल्या दृश्याचा पुरावा घेतलेल्या दृश्याला कसा लावणार?

सातरस्ता
लावायचा. तीच गोष्ट न दाखवता सांगायची पद्धत त्याला सापडली म्हणून पहिला शेवट टाकला, असंही असू शकतं. असो, आपलं दोघांचं जमणार नाही.

कडकभाकरी
या दोघांना शनिवारी बोलावू नका, पहाट होईल.

चर्चेचं मात्र असं करा. नावं संपेपर्यंत दिवा लावू नका. मग बोलणं सुरू व्हायच्या आत प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या : मेला, जिवंत की ठरवता येत नाही, आणि एकच कारण. कारण पडद्यावर दिसलेलं किंवा ऐकलेलं पाहिजे, यूट्यूबवरचं चालणार नाही. आधी लिहून घेतलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याच्यामागं सगळे जातात.

चिठ्ठ्या वाचल्या की ती पाच मिनिटं परत लावा, या वेळी आवाज बंद करून. सगळ्यांना एकच काम : टोनी मान वर करतो तेव्हा बोट वर. नंतर तिसऱ्यांदा, फक्त आवाज, प्रोजेक्टरवर कापड टाकून. तेव्हा घंटी मोजा. दोन्ही मोजण्या जुळतात का बघा. न जुळलेल्या जागी भांडायला खरा मालमसाला आहे.

खायला कांद्याच्या रिंगा करणार असाल तर शेवटच्या दृश्याच्या आधीच वाटून टाका. त्या दृश्यात टोनी, कार्मेला आणि ए.जे. तिघंही रिंगा अख्ख्या तोंडात टाकतात, आणि त्याच वेळी गच्चीवर ताटल्यांचा आवाज झाला तर घंटी गेली.

विजापूरवेस
रिंगा कोण करतंय, कांदाभजी आणि शेंगाचटणी आहे. वायरचा स्पीकर मिळाला. गच्चीवरनं प्लग लांब आहे, एक्स्टेन्शन आणतो.