पैसे पाण्यात गेले नव्हते
"मंदीत सरकारनं पोरांना सहा महिन्यांची कामं देणं म्हणजे पैसे पाण्यात," असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. ब्रिटनचंच बघा. २००९ मध्ये तिथे 'फ्यूचर जॉब्ज फंड' आला. मुख्यतः १८ ते २४ वयाच्या, बरेच महिने बेरोजगारी भत्त्यावर असलेल्या मुलांना आठवड्याला किमान २५ तास काम, किमान वेतन. एका नोकरीमागे सरकारचे साडेसहा हजार पौंडांपर्यंत. २०१० मध्ये सत्ता बदलली, महाग पडते म्हणून योजना गुंडाळली. आणि २०१२ मध्ये सरकारी खात्याचाच अभ्यास म्हणतो, माणशी समाजाला सुमारे ७,७५० पौंड निव्वळ फायदा! हिशेब यायच्या आधीच दुकान बंद. कोविडमध्ये, २०२० ला, जवळपास तोच साचा 'किकस्टार्ट' नावानं परत काढला, फक्त खासगी कंपन्यांना दार जास्त सताड उघडून.