बारोलोला जाणार असाल तर

वाइन चाखायला इटलीत टस्कनीऐवजी पिएमोन्ते प्रांतात जावं का, असं विचारलंयत. जरूर जा! बारोलो गाव तिथल्या लांगे नावाच्या टेकड्यांत आहे; त्या भागातल्या घरगुती वायनरींना आधी ईमेल करून वेळ ठरवून घ्या. ऑक्टोबरात नेब्बिओलो द्राक्षांची काढणी चालते, सगळं घर मळ्यात असतं, तेव्हा तो काळ शक्यतो टाळा. आम्ही गेलो तिथे आजोबांनीच तळघरात नेलं आणि माणसापेक्षा उंच लाकडी पिंपाच्या तोटीतून थेट पेल्यात वाइन ओतली. अजून कोवळी, जीभ आवळून धरणारी. गावाच्याच नावाची बारोलो ही नेब्बिओलोची लाल वाइन किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. निघताना दोन बाटल्या तरी विकत घ्या, त्यांची अख्खी सकाळ आपल्यासाठी गेलेली असते. गाडी चालवणाऱ्याने मात्र घोट थुंकायचाच. तिथे त्याचं कुणालाच वावगं वाटत नाही.