चर्चा: चार वर्षांचा फोन, वर कोकणातली हवा. बॅटरी बदलून चालवावा की नवा ५जी घ्यावा?

पडवीतला
गुहागरजवळ घरगुती निवासाच्या चार खोल्या आहेत. फोन २०२१ चा आहे, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, ४जी. अँड्रॉइड १२ वर अडकलाय आणि शेवटचा सुरक्षा पॅच (धोक्याची भोकं बुजवणारं अपडेट) २०२३ चा दाखवतो. तक्रारी तीन. बॅटरी दुपारी तीनपर्यंत संपते, चार्जिंगची पिन हलवल्याशिवाय लागत नाही, आणि माजघरात कॉल तुटतात. वापर म्हणाल तर पाहुण्यांचे कॉल, व्हॉट्सॲप, खोल्यांचे फोटो आणि यूपीआय. घरचे म्हणतात १८ हजारांत ५जी येतो, घेऊन टाका. मला वाटतं दोन हजारांत हाच उभा राहील. दोन्ही बाजूंनी बोला, पण कारणासकट बोला.

जांभा
घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकीलाही नवा फोन हे उत्तर नाही.

माजघरातला कॉल फोनमुळे तुटत नाही, भिंतीमुळे तुटतो. जांभ्या दगडाची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात ती पाणी पिऊन बसलेली. अशी भिंत वरच्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त अडवते. आपल्याकडे ५जी चा मुख्य पट्टा ३३००-३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे ओट्यावर जोरात आणि माजघरात शून्य. घरात फायबर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग चालू करा. २०२१ च्या बहुतेक फोनांत ते असतं आणि जिओ-एअरटेल त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. वीज गेली की राउटर बंद पडतो, त्यासाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही आहेत.

पिन हलते त्याचं कारण बहुतेक वेळा कचरा. लाकडी टूथपिक घ्या, सुई नको. फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्टचा तळ खरवडा. खिशातल्या कापसाचा दाबून बसलेला नमदा निघतो. तो निघाला की पिन 'टक' करून बसते. तरी नाही बसली तर चार्जिंगचा सबबोर्ड, म्हणजे पोर्ट बसवलेला छोटा बोर्ड, बदलायचा. स्वस्त फोनांत तो मुख्य बोर्डापासून वेगळा असतो, पट्टीने जोडलेला. पाचशे-सातशेत काम होतं.

तिठ्यावरचा
जांभाभाऊंचं हार्डवेअर सगळं बरोबर आहे. पण फोनवर यूपीआय आहे हे ते सोयीस्कर विसरले. गूगलनेच अँड्रॉइड १२ साठीचे सुरक्षा पॅच मार्च २०२५ नंतर बंद केलेत. म्हणजे कंपनी मनापासून द्यायला निघाली तरी मूळ माल नाही. बॅटरी नवी घातली तरी आतली भोकं बुजत नाहीत.

जांभा
भोकं म्हणजे नेमकी कुठली ते तरी सांगा. प्ले स्टोअर, क्रोम, वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग), यूपीआयची ॲपं, सगळी वेगळी अपडेट होतात, अँड्रॉइड १२ वरही. इथे लोकांचे पैसे जातात ते व्हॉट्सॲपवर आलेल्या 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाच्या एपीके फाइलने (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप), नाहीतर फोनवर ओटीपी सांगून. सत्तर हजारांच्या फोनवरही जातात.

तिठ्यावरचा
अहो, तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो. ती एपीके पैसे कशी काढते? इन्स्टॉल झाली की ती 'ॲक्सेसिबिलिटी' परवानगी मागते. ती मिळाली की स्क्रीनवर काय चाललंय ते वाचते, तुमच्या वतीने बटणं दाबते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अशा ॲपला ही परवानगी सरळ देताच येत नाही. 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' म्हणून राखाडी पडते, मुद्दाम आत जाऊन तीन ठिपक्यांतून मोकळी करावी लागते. १२ वर हा अडसर नाही. एका बोटाचं काम. घरात म्हातारी माणसं किंवा पोरं तोच फोन हाताळत असतील तर हा अडसर पैसे वाचवतो.

आणि कर्नल (अँड्रॉइडचा गाभा), मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग), ग्राफिक्सचे ड्रायव्हर प्ले स्टोअरमधून अपडेट होत नाहीत. ते कंपनीच्या पॅचमधूनच येतात.

सोलकढी_रोज
मालवणातून. जुना ता सोना म्हणतत ता खरा, पण जुन्या फोनाक पॅच गावणा नाय. माझं मत नवा घ्या. मात्र '४ वर्षं अपडेट' असं खोक्यावर वाचून भुलू नका. ती वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. दीड वर्षापूर्वीचं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळतं ते त्यामुळेही. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षं दिली, पण ते महागातले. १८ हजारांच्या आसपास चार-सहा वर्षं देणारे आहेत आणि दोनच देणारेही आहेत. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर बघा, आधी हा आकडा.

बंदरावरचा
दोन्ही पक्ष हवा विसरले. इथली हवा खारी आहे, आणि फोन मरतो तो बहुतेक पोर्टातून.

पोर्टात ओलावा आणि मीठ असताना चार्जर लावला की पिनांमधून वीज त्या खारट थेंबातून वाहते आणि धातू झिजायला लागतो. पुण्यात नुसता ओला झालेला फोन सुकून वाचतो. इथे सुकल्यावर मीठ मागे राहतं आणि दमट हवेत पुन्हा ओलं होतं. पोर्टात भिंगातून बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तो कचरा नाही, तांब्याचा गंज आहे. टूथपिकने तो जात नाही. सबबोर्ड बदलावाच लागतो, आणि गंज पट्टीतून मुख्य बोर्डाच्या कनेक्टरपर्यंत पोचला असेल तर मग पडवीतल्यांचे दोन हजार पाण्यात.

दुसरी खूण कॅमेऱ्याची. पावसाळ्यात एसीतून बाहेर आल्यावर काचेवर बाहेरून धुकं धरलं तर काही नाही, पुसलं की गेलं. पण काचेच्या आतून धरलं आणि अर्धा तास तसंच राहिलं, तर फोनचं सील सुटलंय.

आयपी६८ वर (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) भिस्त ठेवून नवा घेणाऱ्यांनाही सांगतो. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, नव्या फोनवर, ठरावीक खोलीत आणि ठरावीक वेळेपुरती. समुद्राला लागू नाही. फोन खाऱ्या पाण्यात पडलाच तर घाबरून उन्हात टाकू नका. आयपी६७-६८ चा धड असलेला फोन असेल तर आधी गोड्या पाण्याने हलकेच खंगाळा, पोर्ट खाली करून हातावर ठोका, पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळात खुपसू नका, पिठूळ कण पोर्टात जातात. ॲपलनेही तांदळाला मनाई केली आहे.

जांभा
@बंदरावरचा, हे मान्य. पण मग बॅटरी बदलायला फोन उघडला की सील गेलंच ना, हा माझ्याविरुद्धचा मुद्दा तुम्ही काढलाच नाहीत :) मीच काढतो. मागचं झाकण गरम करून उघडतात आणि बऱ्याच ठिकाणी ट्यूबमधला गोंद लावून बंद करतात. नवी चिकटपट्टी कापून बसवत नाहीत. पडवीतल्यांच्या फोनला मुळातच आयपी नसणार, त्यामुळे त्यांचं नुकसान नाही. ज्यांचा आयपी६८ चा आहे त्यांनी मात्र 'सील नवं लावणार का' हे आधी विचारून घ्यावं.

खाडीपलीकडे
सगळे औषध सांगतायत, रोग कोणी तपासला नाही. बॅटरी दुपारी तीनला संपते म्हणजे बॅटरी गेली, हे कशावरून?

रेंज दोन कांड्यांच्या खाली गेली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो आणि सारखा टॉवर शोधत राहतो. सह्याद्रीच्या उतारावर, वळणावळणाच्या खाड्यांत अर्धी बॅटरी यात जाते. चांगली बॅटरी घातली तरी जाणार, आणि नव्या ५जी फोनमध्ये तर आणखी. कारण ५जी ची रेंज येत-जात असेल तर फोन दिवसभर ५जी-४जी अशा कोलांट्या मारतो. इथल्या निम्म्या लोकांनी नवा फोन घेऊन शेवटी 'फक्त एलटीई' (म्हणजे ४जी) करून ठेवलाय.

तपासायला दोन रात्री लागतात. पहिल्या रात्री ११ ला टक्के लिहून ठेवा, विमान मोड लावा, सकाळी ६ ला बघा. दुसऱ्या रात्री विमान मोड न लावता तेच. विमान मोडवर दोन-पाच टक्केच गेले आणि साध्यावर पंधरा-वीस, तर दोष रेंजचा. विमान मोडवरही दहाच्या वर गेले तर बॅटरी, नाहीतर मागे चालणारं एखादं ॲप. वीस टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडला आणि फोन पटकन बंद पडला, तर मात्र चाचणीची गरज नाही, बॅटरीच गेली. तिचा आतला रोध वाढतो आणि एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळतं. आणि मागचं झाकण किंचित उचललेलं, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगतो असं असेल तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग आजच बंद.

तिठ्यावरचा
कोलांट्यांचं खरंय, पण ५जी म्हणजे फक्त ३५०० नव्हे. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचाही ५जी पट्टा आहे, एन२८. तो लांब जातो आणि भिंतीतूनही शिरतो. फोनच्या तपशिलात एन२८ आणि एन७८ (तो ३५०० चा पट्टा) दोन्ही आहेत का, ते बघून घ्यायचं. बीएसएनएलवर असाल तर आणखी महत्त्वाचं. त्यांचं ४जी ७०० आणि २१०० वर आहे. जुन्या ४जी फोनांत बरेचदा बँड २८ (४जी चा ७०० चा पट्टा) नसतो, मग टॉवर समोर असून फोन ७०० चा सिग्नल पकडतच नाही. डोंगरापलीकडच्या वाडीत जिथे बीएसएनएलशिवाय काही नाही, तिथे जुना फोन टाकायला हे एकच कारण पुरे आहे.

खाडीपलीकडे
हे पटलं. यात रिपेअरिंगवाला काही करू शकत नाही.

सोलकढी_रोज
६४ जीबीचं कोणी बोललं नाही. पाहुण्यांचे फोटो, आधारकार्डांचे फोटो, गुड मॉर्निंग. स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन मंद होतो आणि लोक म्हणतात जुना झाला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', तिथे 'मॅनेज स्टोरेज', मोठ्या फाइली वरच दिसतात. दहा-बारा जीबी मोकळी ठेवा आणि मग ठरवा. (पाहुण्यांची आधारकार्डं काम झाल्यावर पुसत जा, हे वेगळं.) नवा घेतलात तर ६ जीबी रॅम आणि १२८ जीबीच्या खाली जाऊ नका. 'व्हर्च्युअल रॅम' म्हणजे स्टोरेजचाच तुकडा, ती मोजू नका.

पडवीतला
दोन रात्रींचे आकडे. विमान मोड: ४ टक्के. साधा: २१ टक्के. तिसऱ्या रात्री विमान मोड, वर वायफाय आणि वायफाय कॉलिंग चालू: ७ टक्के, आणि सकाळचा कॉल माजघरात स्वच्छ लागला. पोर्टातून वाटाण्याएवढा नमदा निघाला. पण आतल्या बाजूच्या दोन पिनांवर हिरवट दिसतंय. सिम जिओचं.

जांभा
झालं. बॅटरीलाही हात लावायची गरज नाही. सबबोर्ड बदला आणि गप्प बसा.

बंदरावरचा
हिरवं आहे म्हणजे सबबोर्ड बदलताना समोर बसा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाचा कनेक्टर उघडून दाखवायला सांगा. तो स्वच्छ पितळी दिसला तर बदला. काळा-हिरवा असेल तर पैसे घालू नका.

तिठ्यावरचा
आणि पॅच? सबबोर्ड बदलून अँड्रॉइड १३ येत नाही. मधला मार्ग सांगतो, कोणालाच आवडणार नाही. कनेक्टर स्वच्छ असेल तर हा फोन पाहुण्यांचे कॉल आणि फोटो यासाठी ठेवा. यूपीआय मात्र घरातल्या ज्या फोनला पॅच येतोय त्यावर हलवा, किंवा निदान या फोनवरच्या खात्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा.

जांभा
खात्यात कमी पैसे ठेवणं मला मान्य. ते नव्या फोनवरही करावं.

खाडीपलीकडे
यूपीआय हलवाल तेव्हा दोन गोष्टी. ज्या नंबरची बँकेत नोंद आहे ते सिम त्या दुसऱ्या फोनमध्ये लागतं आणि त्यावरून एसएमएस जातो, म्हणजे एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा. आणि बऱ्याच बँकांत नव्या हँडसेटवर नोंदणी झाल्यावर पहिले २४ तास ५००० रुपयांचीच मर्यादा असते. शनिवारी खोल्या भरलेल्या असताना हे करू नका. मंगळवारी-बुधवारी करा, आणि क्यूआरचा कागद ओट्यावर लावलेला असेल तर तो नव्या आयडीशी जुळतो का, ते एक रुपया पाठवून बघा.